हायड्रंट म्हणजे काय जी? वाचनालयाच्या साइटवरची स्पॅमसफाई, एप्रिल ते जून २०२४

६ एप्रिल

दुपारी ग्रंथपाल ताईंचा फोन. "पासवर्ड विसरलेल्या सभासदांना मेलच जाऊन नाही राहिला. तिघं-चौघं काउंटरवर येऊन भांडून गेले."

आमचं वाचनालय नागपूरच्या महाल भागातलं, जुनं, दोन खोल्यांचं. साइट मीच तीन वर्षांपूर्वी वर्डप्रेसवर (साइट चालवायची तयार प्रणाली) फुकट करून दिली होती, त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच येते. संध्याकाळी आत शिरून पाहिलं. 'युजर्स'मध्ये ४,११८ खाती! वाचनालयाचे चालू सभासद सहाशेच्या आसपास आहेत. बाकीचे साडेतीन हजार कोण, तर नावाच्या जागी पंधरा-वीस अक्षरांची खिचडी आणि पत्ते जगभरचे. अभिप्रायांच्या रांगेत आणखी नऊ हजार पडलेले. औषधं, जुगार, उसने पैसे, नकली घड्याळं.

सेटिंग्ज, जनरल, 'एनीवन कॅन रजिस्टर'. खूण केलेली होती, आणि ती मीच केली होती. तेव्हा डोक्यात होतं की सभासद घरबसल्या खातं उघडतील आणि पुस्तकांची मागणी टाकतील. तीन वर्षांत मागण्या आल्या एकोणीस.

७ एप्रिल

रविवार. काहीही करण्याआधी पूर्ण बॅकअप घेतला, फाइलींचा आणि डेटाबेसचा. या अख्ख्या प्रकरणात मी शहाण्यासारखं केलेलं हे पहिलं काम, आणि बराच काळ एकमेव.

मेल का बंद पडले ते कळलं. कुणी नोंदणी केली की वर्डप्रेस दोन मेल पाठवतं, एक नव्या 'सभासदाला' आणि एक व्यवस्थापकाला. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारा प्रोग्राम, जे पत्ते टाकतो ते बहुधा खऱ्या, पण परक्या माणसांचे असतात. त्यांना एका अनोळखी मराठी वाचनालयाचं स्वागतपत्र जातं आणि ते 'स्पॅम' म्हणून तक्रार ठोकतात. म्हणजे स्पॅम आम्हाला येत होता एवढंच नव्हे, आम्ही तो जगाला वाटतही होतो. होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साइट आहे त्यांनी, आमचा मेल बंद केला यात त्यांचं काही चुकलं नाही.

व्यवस्थापकाचा मेल ताईंच्या पत्त्यावर जायचा. "रोज पंधरा-वीस येत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपलं वाचनालय वाढून राहिलं." खात्यांचा आकडा त्यांनी वार्षिक अहवालातही घातला आहे: 'ऑनलाइन सभासदसंख्येत लक्षणीय वाढ.' सभेत टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

आज करण्यासारखं एकच काम होतं, ती खूण काढून टाकायची. केलं नाही. पाडवा दोन दिवसांवर, त्या दिवशी वर्गणीत सवलत असते आणि मी पत्रकावर 'ऑनलाइन नोंदणी करा' छापून बसलो होतो. म्हणून नोंदणीच्या पानावर चित्रांचा कॅप्चा बसवला, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र याची परीक्षा. वीस मिनिटांचं काम. झोप छान लागली.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी साडेनऊपासून फोन. पहिला एका निवृत्त मास्तरांचा, वय अठ्ठ्याहत्तर. नऊ चौकोन समोर आले आहेत आणि 'फायर हायड्रंट असलेली चित्रं निवडा' म्हणतंय.

"हायड्रंट म्हणजे काय जी?"

"रस्त्यावरचा लाल नळ असतो काका, आग विझवायला."

"आपल्या महालात कुठं आहे तो?"

उत्तर नव्हतं. पुढच्या फेरीत त्यांना क्रॉसवॉक आले. पट्टे ओळखीचे होते, पण ते निम्म्या चौकोनात शिरले होते, आणि निम्मा धरायचा की नाही यावर मास्तरांचं आणि त्यांच्या नातवाचं जुंपलं. तिसऱ्या फेरीला त्यांनी फोन ठेवला आणि उन्हात रिक्षा करून काउंटरवर आले. पाच मिनिटांत पावती घेऊन गेले.

दिवसभरात काउंटरवर बावीस नवे सभासद झाले, ऑनलाइन दोन. पत्रक बघून प्रयत्न केला आणि मधेच सोडून दिला असे किती, ते मोजायची सोय नाही. संध्याकाळी कॅप्चा काढला. त्या दोन दिवसांत नव्वदच्या वर बनावट खाती तरीही आली होती. असले कॅप्चा पैसे घेऊन सोडवून देणारी माणसं आणि सेवा बाजारात आहेत. त्यांना हायड्रंट नीट ओळखता येतो.

१४ एप्रिल

आता साधा प्रश्न टाकला: ३ + ४ = ? दुपारपर्यंत बॉट आरामात पास होऊ लागले आणि एक काकू नापास झाल्या. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड, त्यांनी '७' लिहिला. माझा कोड इंग्रजी सात मागत होता. मराठी वाचनालयात मराठी सात चुकीचा ठरवला, ही माझी कमाई.

मग गणित सोडून गावाकडे वळलो. 'नागपूर कोणत्या फळासाठी प्रसिद्ध आहे?' बॉट एकदम गार पडले, रात्रीपर्यंत एकही खातं नाही. स्वतःवर खूश होऊन झोपलो.

१६ एप्रिल

दोन दिवसांत माणूसही आलेलं नाही. चुकलेली उत्तरं साठवायची ओळ कोडमध्ये टाकली होती, ती उघडली. मी बरोबर उत्तर ठेवलं होतं 'संत्रा'. लोकांनी लिहिलेलं: संत्री, संत्रे, संत्रं, संत्र, सन्त्रा, नारंगी, ऑरेंज, रोमन लिपीत तीन तऱ्हा, आणि एकाने 'संत्र्यासाठी'. हे शेवटचं तर व्याकरणाने सगळ्यांत बरोबर. प्रश्नच तसा विचारला होता.

शिवाय दोघांचं उत्तर अक्षरशः 'संत्रा' होतं, तरी नापास. शेवटी मोकळी जागा पडली होती. फोनचा कीबोर्ड शब्द सुचवतो आणि पुढे एक स्पेस आपणहून ठेवतो.

दुरुस्ती: आधी मागेपुढे पडलेल्या स्पेस कापायच्या, देवनागरी अंक इंग्रजीत बदलायचे, मग एका उत्तराऐवजी उत्तरांच्या यादीशी ताडायचं. 'झिरो माइल कोणत्या शहरात आहे?' हा प्रश्नही ठेवला, पण निम्मं गाव 'नागपूर' हे नाव ऱ्हस्व 'पु'ने लिहितं आणि त्यांना चुकीचं म्हणायला मी कोण. यादीत दोन्ही घातली. कुणी देवनागरीत प्रश्न टाकणार असेल तर आणखी एक सांगतो: 'ॲप'मधला ॲ काही कीबोर्ड एका अक्षरात लिहितात, काही 'अ' आणि वर चंद्र अशा दोन तुकड्यांत. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. असा शब्द उत्तरात ठेवूच नका.

वेळ: दोन रात्री.

१९ एप्रिल

आज मतदान, सुट्टी. सकाळी सातलाच रांगेत उभा राहून शाई लावून आलो, येताना तर्री-पोहे, मग कूलरसमोर बसून सर्व्हरचा लॉग वाचला, म्हणजे साइटवर कोण कधी काय मागून गेलं त्याची नोंद. हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तेरा दिवस मी न बघता कुलपं लावत होतो.

लॉगमध्ये दिसलं ते असं. माणूस आधी पान उघडतो, चित्रं-फाँट उतरतात, मिनिटभराने अर्ज येतो. अभिप्राय टाकणारे बॉट पान उघडतच नाहीत. वर्डप्रेसमध्ये अभिप्राय स्वीकारणारी 'डब्ल्यूपी-कॉमेंट्स-पोस्ट' ही फाइल जगभर एकाच नावाची असते, तिच्यावर थेट मजकूर फेकून मोकळे होतात. म्हणजे पानावर जे काही सजवून ठेवलंय ते त्यांच्या डोळ्यांपुढे येतच नाही. तपासणी सर्व्हरवर झाली तरच उपयोग.

दुसरी मारामारी 'एक्सएमएल-आरपीसी' फाइलीवर, बाहेरच्या ॲपमधून साइट चालवायला ठेवलेलं मागचं दार. तिथे पासवर्डचे अंदाज चालले होते. जुन्या वर्डप्रेसमध्ये एकाच विनंतीत शेकडो अंदाज कोंबता यायचे तिथे. आम्हाला तिचा काडीचा उपयोग नाही, बंद केली. बंद करताना एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलीत एक कंस उघडा राहिला आणि अख्खी साइट पाचशे नंबरची चूक दाखवत चाळीस मिनिटं झोपली. फाइलीची नक्कल आधी बाजूला ठेवली असती तर चाळीस सेकंदांचं काम होतं.

२१ एप्रिल

अभिप्रायाच्या फॉर्मला दोन सापळे. एक लपवलेला रकाना, माणसाला दिसत नाही, बॉट भरतो, भरला की बाहेर. दुसरा वेळेचा: पान तयार झाल्याचा क्षण फॉर्ममध्ये लपवून ठेवायचा. चार सेकंदांच्या आत आलेला अर्ज नाकारायचा, तासाहून जुनाही नाकारायचा, आणि हा क्षणच नसेल तर थेट फेकलेला मजकूर समजून नाकारायचा.

२४ एप्रिल

दोन्ही सापळ्यांत आमचीच माणसं सापडली.

लपवलेल्या रकान्याचं नाव मी 'कंपनी' ठेवलं होतं, बॉटला खरं वाटावं म्हणून. खरं वाटलं ते लोकांच्या ब्राउझरला. ज्यांचा पत्ता ब्राउझरमध्ये साठवलेला आहे त्यांचा हा रकानाही तो आपणहून भरतो, माणसाला पत्ता लागत नाही. 'ऑटोफिल नको' असं लिहूनही तो ऐकेलच असं नाही. आता रकान्याचं नाव निरर्थक अक्षरांचं आहे. टॅब दाबत जाणाऱ्याचा कर्सर तिथे थांबत नाही आणि स्क्रीन रीडरही तो वाचत नाही. आमच्याकडे एक दृष्टिहीन सभासद आहेत, त्यांनी फोन करून विचारलं नसतं तर हे शेवटचं मला सुचलंच नसतं.

वेळेच्या सापळ्याची गोष्ट अधिक लाजिरवाणी. साइट वेगवान व्हावी म्हणून पानांची तयार प्रत साठवणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा प्रोग्राम, मीच बसवलेलं. सकाळी नऊला बनलेली प्रत दुपारी तीनलाही तीच दिली जाते, आत क्षण सकाळचा. तासाच्या नियमाने दहानंतर आलेला प्रत्येक माणूस 'जुना' म्हणून बाहेर! वरची मर्यादा तासावरून दोन दिवसांवर नेली.

२८ एप्रिल

बनावट खाती उडवायला बसलो. वर्डप्रेस शेवटचं लॉगिन कधी झालं हे मुळात साठवतच नाही, त्यामुळे 'कधीच न आलेले' असे शोधता येत नाहीत. फोनचा रकाना मी वरून जोडलेला होता. तो रिकामा असलेली सगळी खाती निवडली, ३,४०० च्या वर, आणि उडवली.

अकरा माणसं खरी होती. पहिल्या वर्षी ताईंनी स्वतः भरलेली, तेव्हा फोनचा रकानाच नव्हता. त्यांनी लिहिलेले पुस्तकांचे परिचयही खात्याबरोबर गेले, कारण उडवताना 'मजकूर दुसऱ्याच्या नावे करा' हा पर्याय मी वाचलाच नाही. आणि बॅकअप ७ एप्रिलचा. तो सरसकट परत चढवला तर पुढचे तीन आठवडे पुसले जाणार. रात्री दीडपर्यंत जुन्या बॅकअपमधून अकरा खाती आणि त्यांचा मजकूर हाताने उचलून आणला.

आता उरलेल्या नावांना काउंटरच्या रजिस्टरशी ताडणं. ताई नाव वाचतात, मी खूण करतो. तीन दुपारी गेल्या, ताईंनी आंब्याचं पन्हं पाजलं.

५ मे

शब्दांची काळी यादी. सेटिंग्जमध्ये 'डिसअलाउड कॉमेंट की' म्हणून रकाना आहे, तिथे लिहिलेला शब्द अभिप्रायात आला की तो थेट कचऱ्यात. मी घातले: लोन, जुगार, कॅसिनो आणि काही औषधांची नावं.

हे शब्द पूर्ण शब्द म्हणून तपासले जात नाहीत, शब्दाच्या पोटातही धरले जातात. इंग्रजी 'स्पेशालिस्ट'च्या स्पेलिंगमध्ये 'सियालिस' या औषधाचं नाव अख्खं बसलेलं आहे, हे मला ऐकून ठाऊक होतं आणि मी त्यातून वाचलो. मराठीतला खड्डा मात्र दिसला नाही. एका काकांनी रेडिओवरच्या पुस्तकाखाली बिनाका गीतमालेच्या आठवणी लिहिल्या, अमीन सायानींचा आवाज, बुधवारची रात्र, शेजाऱ्यांकडे जमलेली आळी. दोनदा टाकल्या, दोन्ही वेळा गायब. रेडिओ सिलोन. सि-लोन.

'लोन' काढला. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं ते पहिल्यापेक्षा बरंच तोकडं होतं.

याच पानावर 'दोन किंवा अधिक लिंक असतील तर थांबवा' असा नियम मुळातच असतो. पण आता येणाऱ्या मजकुरात लिंकच नसते. "अतिशय माहितीपूर्ण सामायिकरण, मी नक्कीच पुन्हा भेट देणार आहे" असं यंत्राने भाषांतरलेलं कौतुक, आणि लिंक नावाच्या मागे दडलेली, 'वेबसाइट' रकान्यात. तो रकानाच काढला. वर्डप्रेस अशा लिंकांना 'नोफॉलो' लावतं, म्हणजे गूगलपुढे त्यांना फारसं वजन राहत नाही, ही सोय २००५ पासून आहे. स्पॅमवाल्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

६ मे

अकिस्मेट हे स्पॅम गाळणारं प्लगइन चालू केलं. अभिप्राय बाहेरच्या सर्व्हरवर पाठवून तपासतं, म्हणून फॉर्मखाली तशी एक ओळ लिहिली. नोंदणीच्या स्पॅमला ते हात लावत नाही.

१२ मे

मधल्या काळात घाबरून एक सशुल्क सुरक्षा प्लगइन घेतलं, वर्षाचे ३,२०० रुपये, माझ्या खिशातले. त्यात आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या जोडणीचे नंबर) अडवायची सोय. अकरा तारखेला एका पत्त्यावरून धडाधड प्रयत्न दिसले, तो अडवला. आज सकाळी अध्यक्ष काकांचा फोन: "मलाच येऊ देऊन नाही राहिली तुमची साइट." मोबाइल कंपन्या एकाच आयपी पत्त्यामागे असंख्य गिऱ्हाइकं बसवतात. बॉट आणि अध्यक्ष एकाच छत्रीखाली उभे होते.

मग देशानुसार अडवून पाहिलं, भारताबाहेरचं सगळं बंद. दुसऱ्याच दिवशी ताई म्हणाल्या, आई-वडिलांची वर्गणी भरणारी निम्मी मुलं अमेरिकेत आहेत. बंद केलेलं उघडलं. प्लगइन काढून टाकलं. पैसे परत मिळत नाहीत.

३० मे

बाहेर बघवत नाही असं ऊन. शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने आज ५६ अंश दाखवले म्हणून फोनवर नुसता धुमाकूळ. तापलोय खरे, पण छप्पन?

मी कूलरसमोर अकिस्मेटचा स्पॅमचा कप्पा उघडून बसलो. चोवीस दिवसांत एकदाही उघडला नव्हता, कारण काम चोख चाललंय असं वाटत होतं. चारशेहून अधिक कचऱ्यात सात अभिप्राय खरे. त्यातला एक त्याच निवृत्त मास्तरांचा, तीन परिच्छेद, एकही चूक नाही. आधीचे तपासायला गेलो तर कप्पा रिकामा. पंधरा दिवसांहून जुना स्पॅम ते आपोआप पुसतं. ६ ते १५ मे मधलं कुणाचं काय गेलं ते आता कळणार नाही. मास्तरांना फोन केला. "मला वाटलं, तुम्हाला पटलं नसेल," म्हणाले.

आता दर आठवड्याला एकदा कप्पा उघडायचा, शनिवारी, ताईंनी. छप्पनवालं यंत्र बिघडलेलं होतं, हे नंतर जाहीर झालं.

२ जून

रविवारी कार्यकारिणी. मी पंधरा मिनिटं सापळे, यादी समजावलं. ताई मधेच म्हणाल्या, "पण खातं लागते काऊन?"

"नोंदणी करायला."

"अनामत भरायला तर ते काउंटरवर येतातच ना जी. पावती तिथं, कार्ड तिथं. खात्याचं करतात काय?"

कुणालाच सांगता येईना. मला तर अजिबातच नाही. मागण्या एकोणीस, हा आकडा माझ्याच वहीत ६ एप्रिलला लिहिलेला होता.

घरी येऊन ती खूण काढली. दहा सेकंद. त्या जागी एक साधा फॉर्म: नाव, फोन, कोणती पुस्तकं आवडतात. तो एकाच पत्त्यावर येतो, ताईंच्या. भरणाऱ्याला उलट मेल जात नाही, त्यामुळे परक्या माणसाला आमच्या नावाने काही जाऊ शकत नाही. ताई फोन करतात. कॅप्चा नाही, प्रश्न नाही, फक्त लपवलेला रकाना. होस्टिंगवाल्यांना काय काय बदललं ते सविस्तर लिहून मेल सुरू करायची विनंती टाकली.

५ जून

मेल सुरू.

१६ जून

दोन आठवड्यांत नवं बनावट खातं शून्य, कारण खातंच उघडता येत नाही. बंद दारावर बॉट अजून रोज धडका देतात, लॉगमध्ये दिसतात. फॉर्मवर एकतीस अर्ज आले, अठ्ठावीस खरे. उरलेल्या तिघांना ताईंनी फोन लावला, एक नंबर अस्तित्वात नाही, एकाने उचलला नाही, एकजण पुण्याचा निघाला आणि चुकून भरलं म्हणाला.

अभिप्रायांसाठी ठेवलंय ते एवढंच: लपवलेला रकाना, सैल केलेला वेळेचा सापळा, अकिस्मेट आणि शनिवारची फेरी. नव्या माणसाचा पहिला अभिप्राय ताई वाचूनच सोडतात. पुस्तकांचे जुने परिचय अभिप्रायांसाठी बंद करावेत का, असं मनात होतं, वर्डप्रेसमध्ये तशी सोय आहे. केलं नाही. मास्तर जुन्याच पुस्तकांवर लिहितात.

एकूण खर्च ३,२०० रुपये, वेळ अंदाजे साठ तास. त्यातले कामाचे, लॉग वाचण्याचा दिवस धरून, सात-आठ.

एक काम बाकी आहे. जुलैच्या सर्वसाधारण सभेत मागच्या अहवालातला 'लक्षणीय वाढ' हा आकडा दुरुस्त करायचा आहे. ताई म्हणाल्या, टाळ्या पडल्या तेव्हा तुम्हीही होते, तुम्हीच वाचा. ४,११८ च्या जागी ६०७.